साचा वाळेपर्यंत

कुंभकोणमला कार्तिकात काही वाळत नाही. दोरीवरची साडी तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागते, मिठाच्या बरणीत तळाशी पाणी सुटतं, काडेपेटीतल्या चार काड्या वाया जातात तेव्हा कुठे एक पेटते. तुमच्याकडे दिवाळीनंतर आकाश लख्ख होतं, आमचा पाऊस तेव्हा सुरू होतो. तो समुद्राच्या बाजूने येतो, पाहुण्यासारखा येतो आणि घरच्यासारखा राहतो. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधे आमचं गाव. त्यामुळे वरून पाऊस थांबला तरी खालून ओल येतच असते. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळ्याच भिंतींना असा घाम फुटतो.

यंदा मी याच दिवसांत घरी आले आहे. स्वामीमलैचे नटेशन अय्या गेले. अय्या म्हणजे पंचधातूच्या मूर्ती ओतणारे स्थपती, आमच्या घरचे कोणी नव्हेत, पण त्यांच्या मुलाचा, कुमारण्णाचा, फोन आला आणि मी निघाले. सोबत लॅपटॉप आणला, त्यात या वर्षीचे अर्ज आहेत. महाराष्ट्रातल्या ज्या संस्थेत मी डिझाइन आणि तंत्रज्ञान या जोडविषयात मास्टर्स केलं, तिथेच आता शिकवते, आणि दरवर्षी याच महिन्यात नव्या मुलांचे पोर्टफोलिओ वाचायचं काम माझ्याकडे असतं. पाऊस आणि अर्ज एकाच वेळी येतात. मी दोन्हींना घाबरते, पण पावसाला घाबरते असं सांगता येतं.

अर्ज वाचणं म्हणजे परक्यांच्या लग्नाचे अल्बम बघणं. सगळे छान दिसतात, सगळ्यांच्या केसांत फुलं. पहिल्या पानावर 'लहानपणापासून मला वस्तू उघडून बघायची सवय होती' असं असतंच. मग कोणी अंधांसाठी काठी केलेली असते, कोणी कुंभाराच्या चाकाला मोटर लावलेली असते. प्रत्येक प्रकल्पात एक म्हातारा कारागीर हसताना दिसतो. शेवटून दुसरा प्रश्न असतो: तुमच्या एका अपयशाबद्दल लिहा. इथे मुलं अगदी नेटकं, धुतलेलं, इस्त्री केलेलं अपयश काढून ठेवतात. ज्याने कोणाला काही झालं नाही, आणि ज्याच्या शेवटी शहाणपण मिळालं, असं. मी ते वाचते आणि हसत नाही. मीही तसंच लिहिलं होतं.

सात वर्षं झाली. मी तेव्हा तेवीसची होते, इथल्याच कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स करून अप्पांच्या औषधाच्या दुकानात बसत होते. स्वामीमलैची बस जिथे वळते तिथे अप्पांचं दुकान आहे. आमचं घर मराठी, पूर्वज तीनेक शतकांपूर्वी इकडे आलेले, पण ते मराठीपण उंबरठ्याच्या आत. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. अप्पा गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये बोलता बोलता माझ्याकडे वळून तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठीत गोळ्यांची पाकिटं मागायचे, आणि त्यात कोणालाच काही गंमत वाटायची नाही. नटेशन अय्या महिन्यातून एकदा भाजल्यावरचं मलम न्यायला येत. त्यांच्या हातांवर जुने डाग होते, तांदळाएवढे, कोपरापर्यंत. मी एकदा विचारलं, एवढं मलम कशाला लागतं? ते म्हणाले, "धातूला ओल आवडत नाही, पाप्पा. आणि या गावात ओल सोडून आहे काय?" मुलीला ते नेहमी पाप्पा म्हणत, आपण बाळ म्हणतो तसं.

मग मी त्यांच्या पट्टरैत जायला लागले. पट्टरै म्हणजे कारखाना, पण तो शब्द फार मोठा झाला. नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, मातीची जमीन, कोपऱ्यात कोळशाची भट्टी, मधे खड्डा. मेणाचा आणि राळेचा वास कपड्यांत इतका बसायचा की अप्पा म्हणायचे, दुकानात औषध घ्यायला आलेला मनुष्य तुझ्या वासाने देवळात आलों समजेल. तिथे मी बघितलं, मूर्ती आधी मेणाची होते. बोटं, दागिने, धोतराच्या चुण्या, सगळं मेणात. मग तिच्यावर कावेरीकाठची लोण्यासारखी माती जळक्या तुसाबरोबर वाटून लावायची, ती वाळली की शेतातल्या चिकणमातीचा थर, तो वाळला की आणखी एक. वाळवायचं सावलीत, उन्हात ठेवलं तर आतलं मेण हलतं. नंतर गोवऱ्यांवर तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं, आणि जी पोकळी राहील तिच्यात वितळलेला धातू ओतायचा. मेणाची मूर्ती तर गेलेलीच असते, धातू थंड झाला की साचाही फोडायचा. एका साच्यातून एकच मूर्ती. चूक झाली तर मागे काही उरत नाही.

साचा वाळला की नाही हे नटेशन अय्या गालाने ठरवत. दोन्ही हातांत साचा उचलून ते त्याला गाल लावायचे, डोळे मिटून, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. आतला गारवा गालाला कळतो म्हणे, तळहाताला कळत नाही. कार्तिकात गाल नेहमी एकच सांगायचा, अजून ओल आहे. त्यामुळे ऐप्पसीपासून मार्गळीपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने आश्विन ते पौष, त्यांच्या गल्लीत ओतकाम बंद असे. मेणकाम चालायचं, कानस चालायची, पण साचे पुरायचा खड्डा झाकलेला.

मला वाटलं, हाच आपला प्रकल्प. पावसाळ्यातही ओतकाम चालू राहील असं काहीतरी करायचं. मी एक लाकडी पेटी केली. आत मंद ऊब देणारे दिवे, कोपऱ्यात पंखा, आणि एक सुई. सुई साच्याच्या मातीत खुपसली की डब्यावर ओलीचा आकडा उमटे. आकडा उतरत जायचा आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं. कुमारण्णा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. तो कौतुकाने बघायचा. भट्टीतून मूस उचलून धातू ओतायचं काम त्याचं होतं, आणि त्या गल्लीत त्याच्यासारखा स्थिर हात दुसऱ्या कोणाचा नाही असं सगळे म्हणत. अय्या पेटीला नावं ठेवत नसत. येता जाता ते तिच्यावर हात ठेवत, कोणाच्या तरी नव्या स्कूटरवर ठेवावा तसा.

आता मला माहीत आहे त्यात काय खोट होती. माझी सुई दोन बोटं आत जायची, त्यापुढे नाही. पंख्याने वरचा थर खडखडीत वाळायचा आणि आतली ओल आतच कोंडायची. भाकरी वरून खरपूस आणि आत कच्ची राहते, तेवढं साधं. कोणतीही स्वयंपाक करणारी बाई हे सांगू शकली असती. मी स्वयंपाक करत नव्हते, मी पोर्टफोलिओ करत होते.

अर्जाची शेवटची तारीख जवळ येत होती. पोर्टफोलिओत पेटीचे फोटो होते, सुईचं चित्र होतं, आकड्यांचा आलेख होता. नव्हतं ते एकच: पेटीत वाळलेल्या साच्यातून निघालेली मूर्ती. तेवढ्याशिवाय तो प्रकल्प म्हणजे कपाट होतं. मी अय्यांना म्हटलं, एकच ओतकाम करू, लहानसं, मी फिल्म घेते. ते म्हणाले, "तै लागू दे. पोंगल झाला की पहिला साचा तुझा." तै म्हणजे संक्रांतीपासूनचा महिना. मी म्हटलं, तोपर्यंत फॉर्म बंद होईल. फॉर्म बंद होणं म्हणजे काय ते त्यांनी विचारलं. मला समजावता येईना, म्हणून मी म्हटलं, लग्नाचा मुहूर्त टळल्यासारखं, पुन्हा एक वर्ष. त्यांनी मान हलवली. मुहूर्त त्यांना कळत होता. त्यांनी पंचांग मागवलं आणि दिवस ठरवला. तो शब्द मी का वापरला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पटकन काम व्हावं म्हणून वापरला, दुसरं काही नाही.

अप्पांना मी जेवताना सांगितलं. अप्पा ताटातला हात थांबवून म्हणाले, "कार्तिकांत ओतणार? तो मनुष्य कशास तयार झाला, तूं विचारलीस की?"

"माझ्यासाठी झाले, अप्पा."

"तेंच ओखटं," अप्पा म्हणाले. ओखटं म्हणजे वाईट. तुमच्या बोलण्यातून तो शब्द कधीच गेला, आमच्याकडे अजून रोज लागतो.

त्या सकाळी पाऊस नव्हता. फक्त आकाश खाली आलं होतं, आणि पट्टरैच्या झावळ्यांतून थेंब पडत होते. वीतभर उंचीचा वेणुगोपाळ होता. मेण आदल्या दिवशीच काढून झालं होतं. साचा तापवताना एक बारीकसा आवाज झाला होता, नख मोडल्यासारखा. तो मी ऐकला होता. आता साचा खड्ड्यात पुरण्याआधी अय्यांनी उचलला. तापवलेला असला तरी एव्हाना हातात धरण्याइतका निवला होता. त्यांनी त्याला गाल लावला.

एरवी ते चार-पाच श्वास घेत आणि गाल काढत. त्या दिवशी गाल निघेना. मी कॅमेऱ्यातून बघत होते. त्यांचे डोळे मिटलेले, ओठ किंचित हलले, मग थांबले. पुन्हा त्यांनी साचा जरा फिरवला आणि दुसऱ्या बाजूने गाल लावला. हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या गालाला आतला गारवा लागला, हे मला कळलं. अगदी स्पष्ट कळलं. कुमारण्णा पाठमोरा होता, भट्टीकडे.

त्यांच्या पट्टरैत एक रीत होती. मुहूर्त लागला, भट्टीला कापूर ओवाळला की त्यानंतर नकाराचा शब्द काढायचा नाही. नको नाही, थांबा नाही, फुटेल नाही, चुकेल नाही. सगळी शंका कापराच्या आधी. अय्यांच्या वडिलांनी ती रीत घातली होती आणि सगळे ती पाळत. भल्यासाठीच होती ती, उकळता धातू हातात असताना कोणाचं मन डळमळू नये म्हणून. त्या दिवशी कापूर लवकर झाला होता, तो माझ्यामुळे. फिल्ममध्ये चांगला दिसेल म्हणून मी त्यांना तो आधी ओवाळायला लावला होता, साचा बघून होण्याआधी. एरवी तो साचा पुरल्यावर ओवाळत.

अय्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना हवं होतं की मी काही बोलावं. मी त्यांच्या घरची नव्हते, मला रीत लागू नव्हती. एक शब्द पुरला असता. मी कॅमेऱ्याचा लाल ठिपका बघितला आणि गप्प राहिले. त्यांनी साचा खड्ड्यात ठेवला, भोवती माती दाबली. ती माती काळी आणि ओलसर होती. कुमारण्णाने मूस उचलली. अय्या साच्याच्या तोंडापाशी उकिडवे बसले, वर येणारा मळ काठीने मागे सारायला. त्यांचं तोंड साच्यापासून हातभर अंतरावर होतं.

धार बारीक आणि सरळ पडत होती. रंग मावळतीसारखा होता असं मी पोर्टफोलिओत लिहिलं. मग जमिनीच्या आतून एक धप्प आवाज आला, कोणी पोत्यावर काठी मारावी तसा, आणि माती वर उडाली. साच्याला आत तडा गेला होता. धातू तिथून निसटून ओल्या मातीत शिरला आणि वाफ होऊन परत वर आला. अय्या मागे पडले तेव्हा ओरडले नाहीत. कुमारण्णा ओरडला. मी काय केलं ते मला आठवत नाही. फिल्ममध्ये ऐकू येतं, मी 'अप्पा, अप्पा' म्हणत होते, जणू दुकान पलीकडेच होतं.

अय्यांना रिक्षाने आधी अप्पांकडेच आणलं. अप्पांनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन डोळा धुतला, बाटलीमागून बाटली. मलमाची ट्यूब काउंटरवर पडून होती, तिचा काही उपयोग नव्हता. "अंबू, दिवा इकडे धर," अप्पा म्हणाले. मी धरला. त्यांनी पुढची बाटली उघडली. तंजावूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डावा डोळा वाचेल, उजवा गेला.

मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी उघडतात. सगळं घासून, चकचकीत करून झालं की बारीक छिन्नीने बुबुळाची रेघ मारायची. ती मारल्यावर मूर्ती बघायला लागते. अख्ख्या गल्लीतल्या मूर्तींचे डोळे नटेशन अय्या उघडून देत. एका डोळ्याने माणसाला अंतर कळत नाही. त्यांनी नंतर एकदा प्रयत्न केला, आणि छिन्नी केसभर अलीकडे टेकली. ती मूर्ती वितळवावी लागली. त्यानंतर त्यांनी छिन्नी हातात घेतली नाही. बाकी ते मेणकाम करत, माती कालवत. पण हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्याकडे दोन दिवस होते.

त्या दोन दिवसांत काय केलं हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसले आणि फिल्म कापली. धार साच्यात पडते आहे, इथपर्यंत ठेवली. पुढचं काढलं. त्यानंतर अय्यांच्याच पट्टरैतल्या जुन्या एका वेणुगोपाळाचा फोटो लावला. खाली लिहिलं, पेटीमुळे वाळायचा काळ निम्म्याहून कमी झाला. तेवढं खरं होतं. अपयशाच्या प्रश्नात लिहिलं की पहिल्या पेटीत मी चुकीचा पंखा बसवला आणि त्यातून मला वापरणाऱ्याचं ऐकण्याचं महत्त्व कळलं. वापरणारा त्या वेळी तंजावूरला डोळ्यावर पट्टी बांधून पडला होता. अप्पांनी बरणी पुसता पुसता विचारलं, "खरं लिहिलीस की?" मी हो म्हटलं. त्यांनी बरणी जागेवर ठेवली आणि दुसरी घेतली.

मुलाखत व्हिडिओवर झाली. माझं आडनाव बघून समितीतल्या एक बाई म्हणाल्या, घरी मराठी बोलता का? मग मराठीत सांगा. मी सांगायला लागले आणि पडद्यावरचे चारही चेहरे उजळले. त्यांनी असली मराठी कधी ऐकली नव्हती. मग त्यांच्यातल्या एका वयस्क सरांनी विचारलं, "ते ओतकाम शेवटी नीट झालं ना?"  मी म्हटलं, "अस्कं बरं झालं." अस्कं म्हणजे सगळं. सर हसले, बाई म्हणाल्या, "अस्कं! किती गोड," आणि त्यांनी तो शब्द कागदावर टिपून घेतला. पुढचा प्रश्न दुसऱ्याच विषयावर आला. आमच्या पूर्वजांनी जपलेल्या भाषेत मी एवढं एक खोटं बोलले आणि ते खपून गेलं. प्रमाण मराठी मी नंतर महाराष्ट्रात जाऊन शिकले, आता लिहितेय तीच. घरची मराठी मी त्यानंतर परक्यांसमोर बोललेले नाही. लोकांना वाटतं, मी लाजते.

प्रवेश मिळाला. निघण्याआधी मी केळी आणि विड्याची पानं घेऊन स्वामीमलैला गेले. अय्या भिंतीला टेकून बसले होते. उजवी पापणी आत ओढल्यासारखी झाली होती. मला वाटत होतं, ते रागावतील. बसमध्ये मी त्याची तयारी केली होती, खरं म्हणजे मला ते हवंच होतं.

"काय विचारलं त्यांनी?" ते म्हणाले.

"ओतकाम नीट झालं का, असं."

"मग?"

"झालं म्हटलं."

त्यांनी केळी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "बरं केलंस. दुसरं काही सांगितलं असतंस, तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता. चाळीस वर्षं साचे गालाला लावणाऱ्या माणसाला कळलं कसं नाही?"

"तुम्हाला कळलं होतं, अय्या."

"तुलाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "कापूर झाला होता. मला एकदाच मोडायची होती ती रीत. नाही मोडवली." त्यांनी पानं उचलून नातवाला हाक मारली आणि पाणी आणायला सांगितलं.

मी त्यांच्या पाया पडले. परतताना मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची मला अजून लाज वाटते. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं असा मी अर्थ लावला. त्यांची अब्रू राखायची म्हणून मी बोलत नाही, असं मी सात वर्षं स्वतःला सांगत आले. त्या अब्रूच्या आड मी मास्टर्स केलं, नोकरी धरली, बढती घेतली. माझा पोर्टफोलिओ संस्थेच्या संकेतस्थळावर नमुना म्हणून लावलेला आहे. नवी मुलं मेल करतात, मॅडम, तुमच्यासारखं कारागिराबरोबर काम कसं करायचं? मी उत्तर देते, वेळ द्या.

काल पट्टरैत गेले. अय्यांचे विधी चालू होते, खड्डा झाकलेला होता. कुमारण्णाने खुर्ची दिली, कॉफी दिली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तो सहज म्हणाला, शेजारच्या गल्लीतले दोघं संकेतस्थळावरच्या त्या फिल्मवरून विचारत येतात, तशी पेटी करून मिळेल का म्हणून. पावसाळा फुकट जातो, घरात खाणारी तोंडं आहेत. अय्यांना तोही अप्पाच म्हणतो. "अप्पा होते तोपर्यंत मी त्यांच्याकडे बोट दाखवायचो. ते नको म्हणायचे, कारण सांगायचे नाहीत. आता मी काय सांगू, अंबू?"

मी कॉफी संपवली. उद्या येते, म्हणाले.

घरी येऊन दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत बसले. बाहेर पाऊस होता, पत्र्यावर, सारखा. न वाचलेले अर्ज तसेच ठेवले. संस्थेच्या प्रमुखांना मेल लिहिली. काय झालं, कशाने झालं, मी काय कापलं. साचा ओला होता आणि ते आम्हा दोघांना माहीत होतं, हेही लिहिलं. पोर्टफोलिओ काढून टाका म्हटलं, माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा म्हटलं. पाठवल्यावर मला भूक लागली. अप्पांनी वाढलेला दहीभात मी पोटभर खाल्ला. अवघड ते उरकलं, अशा समजुतीने आज सकाळी स्वामीमलैची बस धरली.

कुमारण्णा दाराशी कानस घेऊन बसला होता. गेल्या वेळीही कानसच त्याच्या हातात होती. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि सांगितलं. पेटीची खोट सांगितली. दोन बोटं सुई, आत ओल. गल्लीतल्यांना हेच सांग म्हटलं. मग कापराचं सांगितलं. गालाचं सांगितलं.

त्याची कानस थांबली. "अप्पांना कळलं होतं?"

"हो."

"ओतायच्या आधी?"

"हो."

 रस्त्यावरून एक बस गेली, पाणी उडालं, त्याने पाय मागे घेतला नाही. मला वाटलं, आता तो म्हणेल की माझ्या बापाचं नाव घेऊ नकोस, जा. त्याने कानस पायरीवर ठेवली आणि दोन्ही हात पुढे धरून बघितले, पालथे आणि उताणे.

"त्या दिवसानंतर मी मूस उचललेली नाही," तो म्हणाला. "ओतायला दुसऱ्याला बोलावतो. धार साच्याच्या तोंडावरून सरकली, माझा हात हलला आणि अप्पांचा डोळा गेला, असंच मी धरून चाललो. एकदा मी त्यांना तसं म्हणालोही. ते काही बोलले नाहीत."

"तुझा हात हलला नव्हता, कुमारण्णा," मी म्हणाले. हे मला त्याच दिवशी माहीत होतं.